मुकी ढालकरीण

लग्नात वैदेहीचं नाव बदललं, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. सासूबाईंनी आधी विचारलं होतं. "सीतेचं नाव सुनेला ठेवायला जीव धजत नाही गं माझा. नाव गुणाचं आहे, पण वनवास चिकटलाय त्याला. तुला चालणार असेल तरच हं." वैदेहीनं हसून मान डोलावली. ताटात तांदूळ पसरले, कैवल्यनं अंगठीनं त्यात ‘शिवप्रिया’ लिहिलं, शेवटचा काना ओढताना त्याचा हात घसरला आणि मांडवातली सगळी माणसं हसली. नाव सुरेख होतं. माणसंही चांगली होती. फक्त ढोकीच्या त्या घरात कुणी "शिवप्रियाऽ" अशी हाक मारली की वैदेही जागची हलायची नाही. हाक ऐकू यायची, पण ती दुसऱ्या कुणासाठी आहे, ती दुसरी आता उठून ओ देईल, असं वाटून ती तशीच बसून राहायची. मग सासूबाई दारात येऊन बघायच्या आणि ही दचकून उभी राहायची.

कैवल्य साखर कारखान्यात केमिस्ट होता. कारखान्याच्या वसाहतीत त्यांचं घर होतं. हंगाम चालू असल्यानं मळीचा गोडसर आंबूस वास पडद्यांना, उशांना, दुधालासुद्धा लागलेला असायचा. वैदेही माहेरी, तुळजापूरला एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायची, ते काम सुटलं होतं. इथं नवीन काही मिळेपर्यंत दुपार तिला खायला उठायची.

तुळजापुरात असताना रविवारची दुपार अशी नव्हती. जेवणं झाली की ती माडीवरच्या आपल्या खोलीत जायची, कानाला हेडफोन लावायची आणि संध्याकाळपर्यंत ढालकरीण व्हायची. इंटरनेटवरचा खेळ होता तो. राक्षस, किल्ले, मंतरलेल्या तलवारी, आणि जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकत्र लढणारी. वैदेहीच्या टोळीत आठ जण होते. टोळीचा म्होरक्या सुरज, तामलवाडीचा. घरात मेंढरं, आणि हा पवनचक्क्यांच्या देखभालीवर. दुसरी अक्षदा, ईट गावची, तिरंदाज. बाकीचे कुठले कुठले. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. वैदेहीच्या हातात ढाल असायची. राक्षसासमोर उभं राहायचं, त्याचे घाव आपल्या अंगावर ओढून घ्यायचे, म्हणजे बाकीच्यांना मारायला सवड मिळते, हे तिचं काम.

आई, चंद्रप्रभाबाई, तिच्या मागच्या कॉटवर वाती वळत बसायच्या. माडीवर वारा असतो म्हणून येते, असं म्हणायच्या. मधूनच विचारायच्या, "मेलीस का गं?"

"नाही, आहे अजून."

"मग ठीक."

ती टोळी दीड वर्षं एकाच लढाईला धडका देत होती. त्या खेळात सगळ्यांत अवघड म्हणून नाव असलेली लढाई. किल्ल्याच्या तळघरात एक राणी बसलेली होती. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी, पण ही मंडळी तिला ‘विझवी’ म्हणायची. तिच्यापर्यंत जायला चार टप्पे. पहिल्यात चौकातले साखळदंडाचे कुत्रे. दुसऱ्यात पायऱ्यांची विहीर, तिचं पाणी खालून चढत येतं आणि त्याच्या पुढं राहून लढत वर निघायचं. तिसऱ्यात आरशांचं दालन, तिथं प्रत्येकाची सावली आरशातून उतरून ज्याची त्याच्यावरच धावून येते. आणि चौथ्यात विझवी स्वतः. ती आली की दालनातले सगळे दिवे विझतात. पडदा काळाभोर. कुणाची नावं दिसत नाहीत, कोण कुठं उभा आहे ते कळत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. त्या अंधारात राणी आणि बाकीची माणसं दिसतात ती एकट्या ढालकऱ्याला. त्यानं बघायचं आणि बोलून सांगायचं, बाकीच्यांनी त्याच्या आवाजावर विसंबून वार करायचे. चौथ्या टप्प्यापर्यंत ते मोजक्याच वेळा पोचले होते आणि पोचल्यावर चटचट मेले होते.

लग्नाचं वैदेहीनं टोळीला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर अभिनंदन आलं असतं, निरोपाचं बोलणं आलं असतं. शेवटच्या रविवारी खेळ संपल्यावर सगळ्यांसारखंच "चला, येते" म्हणाली, आणि हेडफोन काढून ठेवला. दोन-तीन रविवार हाका मारतील, मग दुसरा कुणी ढालकरी शोधतील, असा तिचा हिशेब होता. कॉम्प्युटर मोठा, जुना. तो तुळजापूरलाच राहिला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कैवल्य म्हणाला, "तू काहीतरी खेळायचीस ना? माझ्या लॅपटॉपवर घे की. असली गप्प बसतेस, मला बरं वाटत नाही." त्यानं स्वतः खेळ उतरवून दिला आणि पाळीला निघून गेला. सासूबाई आत लवंडल्या होत्या. वैदेहीनं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळ आली: हे खातं सध्या दुसऱ्या ठिकाणी चालू आहे.

तिला वाटलं, काहीतरी गफलत आहे. पुन्हा टाकलं. तीच ओळ. ती आत जायला बघत होती आणि ती आधीच आत होती.

तिनं तुळजापूरला फोन लावला. वडिलांनी, वसंतरावांनी उचलला. आवाजावरून झोपमोड झालेली कळत होती.

"बाबा, माझ्या खोलीत कुणी जातं का?"

"तुझ्या खोलीत? कोण जाणार बाई? का गं?"

"काही नाही. आई कुठंय?"

"असेल इथंच. वर वाती करत बसली असेल. बोलावू का?"

"नको. झोपा तुम्ही."

पासवर्ड कुणीतरी चोरला, हे पहिल्यांदा मनात आलं. चोरला असेल तर बदलून टाकायचा, दोन मिनिटांचं काम. पण तिचा हात पुढं होईना. तिला आधी बघायचं होतं, आपण आत काय करतोय ते.

म्हणून तिनं नवं पात्र काढलं. या वेळी ढाल न घेता वैद्याचं काम घेतलं. लढणाऱ्यांच्या जखमा भरायच्या, त्यांना उभं ठेवायचं. नाव विचारलं तेव्हा तिनं क्षणभर थांबून ‘शिवप्रिया’ लिहिलं. ज्या नावाला तिला ओ देता येत नव्हती, ते लपायला मात्र बरं होतं. रोज दुपारी बसून तिनं ते पात्र वाढवलं. हात मुरलेला होता, महिनाभरात ते लढाईला नेण्याजोगं झालं. सुरजच्या टोळीतला वैद्य नोकरीसाठी बाहेर गेला होता, जागा रिकामी होती. तिनं अर्ज टाकला आणि पुढच्या रविवारी टोळीत दाखल झाली.

"शिवप्रियाताई, बोला की," सुरजचा ओळखीचा मोठा आवाज कानात घुमला. "ऐकू येतंय न्हवं?"

बोललं तर ओळखतील. तिनं लिहिलं: घरात माणसं झोपलेली असतात. बोलता येणार नाही. लिहीन.

"घ्या!" सुरज म्हणाला. "एक मुकी व्हतीच, आता दोन झाल्या. आमच्या वैदेहीताईचा बी माईक बिघडलाय, तीन म्हैने झाले. लई सांगून बघितलं, दुरुस्त करीनात."

तेवढ्यात किल्ल्याच्या दारातून ती आली. वैदेहीची ढालकरीण. निळसर चिलखत, खांद्यावर कोल्ह्याचं कातडं, आणि कडेला चीर गेलेली ढाल. ती ढाल मिळवायला वैदेहीनं एक आख्खा पावसाळा घालवला होता. दाराशी येऊन ढालकरीण थांबली, जागच्या जागी एक छोटी उडी मारली आणि मग आत आली.

वैदेही खुर्चीत पुढं सरकली. ती उडी तिची होती. तिला काही अर्थ नव्हता. कुठल्याही दाराशी आलं की वैदेहीचं बोट आपसूक त्या बटणावर जायचं, बस. कुणी कधी विचारलं नव्हतं, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चोर पासवर्ड नेतो, ढाल नेतो. असली सवय कशी नेईल?

त्या दिवशी ते कुत्र्यांतून पार झाले, विहिरीतून वर आले, आरशांतही निभावलं. ढालकरीण चुकत होती, पण वैदेही जशी चुकायची तशीच. वळायला जरा उशीर करायची, विहिरीच्या वळणावर भिंतीला घासून जायची, सगळे पुढं गेल्यावर एकदा मागं वळून बघायची. वैदेही स्वतःच्या पाठीकडं बघत चालत होती. आरशाच्या दालनात प्रत्येकाची सावली प्रत्येकावर आली. वैदेहीपुढं तिची नवी सावली उभी राहिली, वैद्याची, पांढऱ्या झग्यातली. तिच्याकडं तिचं लक्षही गेलं नाही. ती ढालकरणीच्याच जखमा भरत राहिली. मग दिवे विझले.

"ताई, बोला आता!" सुरज ओरडला. "कुठं हाय ती? एकदा बोला!"

अंधारात नुसती पावलं वाजली. ढालकरीण बोलली नाही. अक्षदा मेली, पाठोपाठ सुरज, आणि सगळा डाव कोसळला.

"असं प्रत्येक येळी," सुरज दमून म्हणाला. "चौथ्याला जातो आन् मरतो. आन् शिवप्रियाताई, रागावू नका, पर तुमी एकट्या ढालीकडंच बगत व्हता. आमी बाकीचे मेलो की वो."

पुढचे रविवारही तसेच गेले. वैदेहीला कळत होतं आपलं चुकतंय, पण नजर हटायची नाही. एकदा तिनं ढालकरणीला एकटीलाच दिसेल असा निरोप टाकला: तू कोण? उत्तर आलं नाही. ढालकरीण नुसती तिच्याकडं तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

आठवड्याचे बाकीचे दिवस वैदेहीला जड जायला लागले. भाकरी थापताना हात थांबायचा. मेलेल्या माणसाचं जे मागं राहतं त्याला लोक भूत म्हणतात. जिवंत माणूस घर सोडून गेल्यावर त्याचं काही मागं राहत असेल, तर त्याला काय म्हणायचं, हे तिला कुणाला विचारता येईना. तिला वाटायचं, मांडवातून निघताना रडत रडत गाडीत बसली ती वेगळीच कुणी. खरी अजून माडीवरच्या खोलीत आहे, जेवून आली आहे, रविवार असल्यानं खेळत बसली आहे. मग ही इथली कोण? एकदा दुपारी स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून तिनं हळूच स्वतःला हाक मारली. "वैदेही." आवाज भांड्यांवर आपटून परत आला.

"कुणाशी बोलतेस गं?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"कुणाशी नाही."

त्या बाहेर आल्या, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मीठ-मोहऱ्या घेऊन तिच्यावरून उतरून टाकल्या. "भरदुपारी एकटीनं बसत जाऊ नको," एवढंच म्हणाल्या.

चैत्र संपत आला. कारखान्याची धुराडी थंडावली, भोंगा बंद झाला. त्या रविवारी ऊन असं होतं की वसाहतीतली कुत्रीसुद्धा ओरडत नव्हती. कैवल्य शेजारच्या खोलीत झोपला होता. वैदेही बसली.

डाव पहिल्यापासून चांगला पडला. कुत्रे भराभर पडले. विहिरीत पाणी टाचेला लागेपर्यंत कुणी घाबरलं नाही. आरशातून आठही जण जिवंत बाहेर पडले, तसं आधी कधी झालं नव्हतं. सुरज घाईघाईनं म्हणाला, "आज व्हतंय. आज व्हतंय बगा. वैदेहीताई, तुमच्या पाया पडतो. आज तरी तोंड उघडा."

दिवे विझले.

वैदेहीपुढं काळोख उभा राहिला. कुठूनतरी जड वस्त्र फरशीवरून घासत गेल्यासारखा आवाज आला. अक्षदा किंचाळली, "मला लागली, मला लागली!" वैदेहीनं अंदाजानं तिच्याकडं औषध फेकलं. पोचलं की नाही कळलं नाही. अक्षदाचा आवाज थांबला. आणखी एक जण गेला. घासण्याचा आवाज आता जवळ आला, अगदी जवळ, आणि थांबला.

तेव्हा कानात कुणीतरी बोललं.

"वैदू, हलू नको. ती तुझ्या मागं आहे."

वैदेहीनं बटणांवरून हात उचलले. चार महिन्यांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. फोनवरसुद्धा आई आजकाल "अगं" म्हणूनच बोलायची. सासरी कुणी ऐकेल, बरं दिसणार नाही, म्हणून.

"थांब तशीच. ती वळली की सांगते. हां... आता ये. माझ्याकडं ये. सरळ ये, डावीकडं जाऊ नको, डावीकडं खड्डा आहे."

नवरात्रात गर्दीत हात सुटला की आई अशीच बोलायची. ओरडायची नाही, आवाज खाली आणायची, म्हणजे त्या गोंधळात तेवढाच आवाज वेगळा ऐकू येतो. वैदेही चालू लागली. तिला काही दिसत नव्हतं आणि काही बघायची गरज वाटत नव्हती.

"कोण बोलतंय?" सुरज म्हणाला. "वैदेहीताई?"

"सुरज, तुझ्या उजव्या हाताला आली बघ ती. मार. मार लवकर!"

"व्हय, व्हय!"

"आता माझ्यावर येतेय, येऊ दे. वैदू, मला सांभाळ. बाकीचे मागून चढा. घाबरू नका रे पोरांनो, मी धरलीय तिला."

पुढं किती वेळ गेला ते वैदेहीला सांगता आलं नसतं. आईचा आवाज चढत गेला, बसत गेला, मध्येच खोकला आला. तिनं दोनदा चुकीची बाजू सांगितली आणि लगेच सुधारली. वैदेही तिला जिवंत ठेवत राहिली, आणि या वेळी दुसऱ्यांनाही. शेवटी काळोखात कुठंतरी काच फुटल्यासारखं झालं आणि दालनातले दिवे एकेक करून लागले. राणी फरशीवर पडलेली होती. सहा जण उभे होते.

कानात नुसता गलका झाला. कुणी टेबल बडवत होतं. सुरज रडत होता आणि शिव्याही देत होता. बऱ्याच वेळानं तो सावरला.

"वैदेहीताई, आवो, आधी का न्हाय बोललात? आन् आवाज लई बदललाय तुमचा. आजारी व्हता व्हय?"

दिव्यांच्या उजेडात ढालकरीण आणि वैद्य एकमेकींसमोर उभ्या होत्या. वैदेहीनं माईकचं बटण दाबलं.

"सुरजभाऊ, मी वैदेही. मी इकडून बोलतेय. शिवप्रिया म्हणून आले ती मी."

"आं? मग ढालीवर कोण हाय?"

"माझी आई आहे ती."

सुरज हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी एवढे म्हैने आमी ज्यास्नी मुकी मुकी करून बोल लावला, त्या मावशी व्हत्या?"

"असू दे रे," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "चुकत होतेच मी."

"मग आता तुमाला काय म्हणायचं? वैदेहीची आई म्हणू का?"

वैदेहीला पंख्याची घरघर ऐकू आली, माडीवरच्या त्या खोलीतल्या पंख्याची.

"शांताक्का म्हणा," आई म्हणाली, आणि संपर्क तुटला.

शांताक्का. हे नाव वैदेहीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

फोन तिनं तासाभरानं केला, मागल्या अंगणात जाऊन. आईनं पहिल्या घंटीलाच उचलला.

"कधीपासून ओळखलंस मला?" वैदेहीनं विचारलं.

"तू आलीस त्याच दिवशी. सगळे मरायला टेकले होते आणि ती नवी बाई एकट्या माझ्याकडंच औषध फेकत होती. अशी दुसरी कोण असणार?"

"मी विचारलं होतं, तू कोण म्हणून."

"वाचलं होतं. काय लिहू? मी कोण, हे मलाच कुठं नीट लिहिता आलं असतं तेव्हा?"

"आणि ती उडी? दाराशी?"

"ती मारावी लागते ना?" आई खरोखरच गोंधळली. "तू मारायचीस. मला वाटलं, मारल्याशिवाय दार उघडत नाही."

वैदेहीला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. मग आई आपणहून सांगायला लागली.

"तू गेलीस त्याच्या पुढच्याच रविवारची गोष्ट. तुझ्या बाबांनी पेन्शनचं काही बघायला तुझा कॉम्प्युटर लावला, त्याबरोबर तुझा तो खेळही आपोआप उघडला, आणि ते तसाच चालू ठेवून झोपायला गेले. मी खाली भांडी आवरत होते. तर वरून हाक. ‘वैदेहीताई, आहात का?’ मला वाटलं, कुणी आलंय तुला भेटायला, वर कसं गेलं? जिना चढून गेले. खोलीत कुणी नाही. तुझी चादर घडी घालून ठेवलेली. आणि त्या डबड्यातून पोरं तुला हाका मारतायत. ‘ताई, ऐकू येतंय का? ताई, कुठं गेलात?’ मी दारातच उभी राहिले. बंद करावं म्हटलं तर कसं करतात ते ठाऊक नाही. पोरं थांबेनात. माझ्या लेकीला कुणी हाका मारतंय आणि रिकाम्या खोलीतून ओ द्यायला कुणी नाही, हे मला सोसेना गं. मी बसले आणि एका बोटानं ‘आहे’ लिहिलं. एवढंच करणार होते. मग ती पोरं म्हणाली, चला. मग मी चालले."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार? तुझी आई तुझ्या अंगात शिरून बसलीय म्हणून?"

ऊन उतरलं होतं. कुंपणापलीकडून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. वैदेहीनं विचारलं, "शांताक्का कोण?"

"मीच. माहेरी म्हणायचे. आमच्याकडं नळदुर्गच्या बाजूला निम्मं कानडी बोलतात, माहितीय तुला. लग्नात चंद्रप्रभा झाले. माझी आई होती तोवर ती म्हणायची शांताक्का, तुझ्या जन्माआधीच ती गेली, त्यानंतर कुणी नाही. त्या पोरानं विचारलं आणि तोंडातून गेलं. इतक्या वर्षांनी ते नाव माझ्याच आवाजात ऐकलं आणि मला भ्या वाटलं, म्हणून बंद करून टाकलं."

"आता खेळणार नाहीस का?"

"ढाल तुझी आहे. तू घे परत."

"मला नको," वैदेही म्हणाली. ती हे नम्रपणानं म्हणत नव्हती. त्या ढालीमागं आता आपण मावणार नाही, हे तिला स्पष्ट कळत होतं. "तूच ठेव."

मेच्या मधल्या एका रविवारी वैदेही चार दिवसांसाठी तुळजापूरला गेली. येते म्हणून कळवलं होतं ते संध्याकाळचं, पण कैवल्यला धाराशिवला काम निघालं, त्यानं तिला दुपारीच घराशी सोडलं आणि तो तसाच पुढं गेला. दार लोटलेलं होतं. वसंतराव पुढच्या खोलीत खुर्चीतच पेंगत होते. ती चपला काढून, बॅग हातात धरूनच जिना चढली.

खोलीचं दार उघडं होतं. कॉम्प्युटरसमोर पाठमोरी बाई बसली होती. कानावर हेडफोन, अंबाड्यात अडकू नये म्हणून केसांची वेणी सोडलेली, खांद्यावर वैदेहीची जुनी ओढणी. उन्हाच्या तिरिपेत तिचे पांढरे केस दिसत नव्हते. वैदेही उंबऱ्यातच थांबली. पडद्यावर ढालकरीण दौडत होती. बाई कुणाला तरी रागे भरली, मग हसली, मोकळं, घशातून. मध्येच एक कानडी शब्द बोलली आणि परत हसली. वैदेहीनं आई म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या खोलीत त्या क्षणी आई नव्हती. हाक मारली असती तर आली असती, लगेच आली असती, हेडफोन काढून, पदर सावरत. म्हणूनच तिनं मारली नाही.

ती मागच्या पावली खाली आली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं. पातेल्याच्या आवाजानं वसंतराव जागे झाले.

"कोण आहे आत?"

"मी, बाबा."

"कधी आलीस?" ते डोळे चोळत दारात आले आणि एकदम थबकले. वरून हसण्याचा आवाज आला होता. त्यांनी छताकडं पाहिलं. "वर कोण आलंय?"

"आईच आहे."

"आईचा कुठं असा आवाज आहे?"

दोघं ऐकत उभे राहिले. वर कुणीतरी पुन्हा हसलं. वसंतरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ते तिथंच पाटावर बसले.

"मी तिला बघायला गेलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा आम्ही बाहेर बसलो होतो आणि आतल्या खोलीत कुणीतरी असं हसलं. मला वाटलं, हिची धाकटी बहीण असेल. नंतर कळलं, हिला बहीणच नाही. तेवढंच एकदा. पुढं मी कधी विचारलं नाही, ते कोण हसलं म्हणून."

चहा उतू आला. वैदेहीनं गॅस बंद केला आणि त्यांना कप भरून दिला. वर पावलं वाजली नाहीत, कुणी खाली आलं नाही. वसंतराव कप हातात घेऊन, न पिता, मान थोडी वर करून बसून राहिले.